खारं पाणी, शेवाळ आणि बैठकीची खोली

मी, श्रीमती सुलभा प्रभाकर महाजन, वय ६८, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, हे मृत्युपत्र देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत लिहिते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात वेळ कुणाला आहे?

१. माझ्या बांगड्या व गोफ मुलगी रंजिता हिला. नणंद उषाताईंना माझी पितळी परात. सत्यनारायणाला म्हणून नेली ती त्यांच्याकडेच राहिली. आता कायद्यानेही त्यांची झाली.

२. खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. यजमान रिटायर झाले आणि तापीकाठच्या या माणसाला समुद्राचा सोस लागला. पहिल्यांदा त्यांनी पाण्यात माझं उपवासाचं सैंधव टाकलं, शुद्ध असतं म्हणून. पुढचं लिहीत नाही. मग रीतसर मीठ आणलं, मासे आणले, आणि सगळं माझ्या गळ्यात घालून स्वतः वैकुंठाला गेले.

मोठ्या टाकीखालच्या लहान टाकीत त्यांनी शेवाळ लावलं आहे, विंचरायच्या राहिलेल्या केसांसारखं. वरचं पाणी त्यातून फिरतं. माशांची घाण पाण्यात विरघळते, ती खाऊन शेवाळ वाढतं. दर शनिवारी वाढलेलं मूठभर काढायचं, म्हणजे घाण घराबाहेर. सोबत कांदळाचं रोप आहे, खाडीतलं झाड. तेही हेच काम करतं. त्याच्या पानांवर मीठ धरतं, म्हणून तुळशीला पाणी घातलं की ती पानं गोड्या पाण्याने पुसावीत.

३. माझा मुलगा चेतन म्हणतो, "आई, मशीनवाला फिल्टर लाव ना, झंझट खतम." बिल बहुतेक झंझटीत येत नसावं. शेवाळावरचा दिवा तो येता-जाता बंद करतो. बाबा, काटकसर मला नको शिकवूस. तुझा एसी रिकाम्या पलंगाला थंड करत असतो. त्या दिव्यावर शेवाळ जगतं आणि शेवाळावर मासे. माझ्या लेखी तो नंदादीपच. मी गेल्यावर टाकी काढून तिथे मोठा टीव्ही येणार आहे. त्याचं माप भिंतीवर पेन्सिलीने घेऊन झालंय. मी ते पुसलेलं नाही, पुराव्याला असू दे.

४. सून शीतल. मागच्या वर्षी दिवाळीआधी मी रंजिताकडे, तिच्या चांदनी गावाला गेले होते. हिने साफसफाई काढली. शेवाळ उपसलं, टाकीतले दगड नळाखाली घासले. मी आले तर म्हणाली, "मम्मी, बघा ना, किती चिकट चिकट होतं! आता आरसा झालाय." भाऊबीजेपर्यंत त्या आरशात पाचातले तीन मासे गेले. रडत रडत तिनेच मागच्या अंगणातली कचऱ्याची बादली उलटी केली आणि बोटभर हिरवा तुकडा शोधून आणला. आजचं सगळं शेवाळ त्या तुकड्याचं आहे.

५. माझ्या नावावरचं राहतं घर चेतनला, बैठकीची खोली वगळून. ती खोली, टाकी, दोन मासे, शेवाळ, कांदळ, आणि दिव्याच्या बिलासाठी पोस्टातली माझी रक्कम शीतलला. टीव्ही लावायचा तर चेतनने बायकोची लेखी परवानगी घ्यावी. रंजिता विचारेल, जिने मारले तिलाच? हो. तिच्या हातून एकदा गेलेत. पुन्हा हात लावताना ती घाबरेल. माझा मुलगा कशालाच घाबरत नाही.

६. सुतकात देवाची पूजा बंद राहील. माशांना सुतक नाही. गोमूत्र घरभर शिंपडावं, टाकीत नाही. उषाताईंवर लक्ष असू द्यावं.

हे लिहीत असता शीतल चहा घेऊन आली. "मम्मी, साक्षीदार पाहिजे तर मी करू का सही?" मी म्हटलं, "नको. ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीची सही करायची नसते." ती उभीच राहिली. मग ओलं फडकं घेऊन बैठकीत गेली. कांदळाची पानं आज माझ्याकडून पुसायची राहिली होती.

वरील मजकूर माझा, अक्षर माझं.

सही: सुलभा प्रभाकर महाजन

साक्षीदार:
१. निरंजन पंडित चौधरी, राजपुरा
२. मालूबाई मधुकर पाटील, शेजारीण, लोधीपुरा

बुऱ्हाणपूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५