सुखदाचं देवक

३ फेब्रुवारी, सोमवार

सुखदा आज म्हणाली — ती आतून मुंगूस आहे! माझी नात, चोवीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. लहानपणापासून असंच वाटतं तिला. शरीर माणसाचं आहे हे ठाऊक आहे, वेडबिड काही नाही. अशी माणसं पुष्कळ आहेत म्हणे, थेरियन म्हणतात त्यांना. गच्चीचं दार लावून चार पायांवर धावते. मी म्हटलं, "अगं, गुडघ्यांना काहीतरी बांधत जा." रडता रडता हसली पोर.

४ फेब्रुवारी

सूर्यकांतला, तिच्या बापाला, तिने स्वतःच सांगितलं. माझाच मुलगा, पण लोकांना फार भितो. त्रिविक्रमचं स्थळ हातचं जाईल, लग्न होईपर्यंत ब्र काढायचा नाही, असं दोघींना बजावलं. मी सरी, बरं बाबा, म्हटलं.

८ फेब्रुवारी

मोठा घोळ घातला! त्रिविक्रमची आत्या चंपाअक्का, मल्लेश्वरमहून त्यांचा फोन. आमच्यात देवक आधी विचारतात. दोन्ही घरांचं एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊबहीण, सोयरीक होत नाही. त्यांचं कळंब. आमचं मोराचं पीस — झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण चार दिवस डोक्यात दुसरंच! तोंडातून गेलं, "सुखदाचं मुंगूस."

अक्कांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, असं देवक पहिल्यांदाच ऐकलं, पण वेगळं आहे ना, मग जमतं!

९ फेब्रुवारी

सूर्यकांत बोलत नाही माझ्याशी. डोसेसुद्धा स्वतःच घालून घेतले. सगळे फाटले. मी हसू दाबलं.

११ फेब्रुवारी

त्रिविक्रमने सुखदाला गमतीने विचारलं, हे मुंगसाचं देवक काय प्रकार आहे? तिने सगळं खरं सांगून टाकलं. घरी आल्यावर म्हणाली, अज्जी, बरं झालं तू चुकलीस, मला लपवून लग्न करायचंच नव्हतं. पण तो आवडलाय तिला, मला कळतं. त्यांचा निरोप यायचाय. रात्री तिचं जेवण दोन घास.

१४ फेब्रुवारी

निरोप नाही. सूर्यकांत दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघतो.

१५ फेब्रुवारी

चंपाअक्कांचा फोन आला. मुलाची हरकत नाही — लग्नानंतर मात्र हे कायमचं सोडायचं. सुखदाने मान हलवली, नाही. सूर्यकांतने फोन हातात घेतला. मला वाटलं, आता हा पाया पडणार त्यांच्या. म्हणाला, "मग राहू द्या, अक्का. आमचं मुंगूस आमच्या घरी सुखात आहे."