शेंदराखालची चीर

सर, तुम्ही गेलात त्याला सहा वर्षं झाली. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, आता जेसीबी चालवतो. पडक्या महादेवाजवळचा तुमचा वीरगळ माझ्या हातून फुटला.

आठवीत मी त्याच्यावर पाय देऊन बोरं खात होतो. घोडेगावच्या एसटीतून उतरून तुम्ही तिकडूनच चालला होतात. "पाय काढ. माणूस मेलाय तिथं." मी फुगून बसलो. तुम्ही पिशवीतलं गव्हाचं पीठ काढता, झिजल्या दगडावर हलक्या हातानं चोळता, आणि खाली आडवा पडलेला माणूस दिसू लागतो, भोवती गाई. मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर पिंड. गाई सोडवताना मेला, म्हणालात, सात-आठशे वर्षं झाली असतील, नाव कुणालाच ठाऊक नाही. गावातलं एक मेंढरं राखणारं घराणं त्याला आपला पूर्वज मानतं. सोयरीक ठरवण्याआधी त्याला तेल घालतं.

मला त्याच घरातली मुलगी आवडते, सर. लई आवडते. गेल्या महिन्यात देवळाभोवती सपाटीकरण चाललं होतं, तर तिचे वडील, आबा, चारचौघांत म्हणाले, "काय पावणं, कालेज सोडून यंत्रावर बसला? आमची पोरगी काय बकेटात बसवून न्हेणार?" सगळे हसले आणि चहाला गेले. माझं डोकं फिरलं. समोर त्यांचा वीर उभा होता, मी बकेट त्याच्यावरच घातली. अप्सरांच्या मधोमध दोन तुकडे. कुणी यायच्या आत फरशी चिकटवायच्या मसाल्यानं जोडले आणि वर बोटभर शेंदूर थापला. त्या दगडाला कधी शेंदूर नव्हता. गावाला वाटलं, कुणीतरी नवस फेडला.

काल तिचा फोन आला. "आबा लग्नाला तयार झाले रे! उद्या सकाळी वीराला तेल घालायचं. आई म्हणती, वीरच पावला." तेलानं शेंदूर सुटणार. ती तळव्यानं तेल चोळणार आणि चीर तिच्याच बोटांना लागणार. पूर्वज दुभंगला म्हटल्यावर कसली सोयरीक!

आज उजाडताच मी तिला फोन करून सांगितलं, वीर माझ्या बकेटनं फुटला. ती म्हणाली, "चुकून लागली ना? आबांना मी सांगते. चुकीला काय, माफी असती."

मी हो म्हणालो.

आता ती माझ्यासाठी घरात भांडत असेल. हा कागद खिशातच राहील, तुमच्या घराला कुलूप आहे. वीराचं भ्या होतं, आबांचंही होतं. पण सर, हो म्हणताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, त्याचंच आता जास्त भ्या वाटतंय.