लेनिनग्राडची गिटार

सनीव्हेल, अमेरिका, १२ एप्रिल १९८७

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार तुम्हाला चालत नाही, म्हणून तो आईला. तुम्हाला लाल सलाम.

मी मजेत आहे. वरणभात जमतो, आईला सांगा. खोली जरा फारच शांत आहे, इतकंच. तुमचा खोकला कसा आहे?

काल इथल्या टीव्हीवर रशियातला एक कार्यक्रम दाखवला. लेनिनग्राडची पोरं गिटार घेऊन रॉक वाजवत होती, तेही तिथल्या सरकारी टीव्हीवर. तुम्ही ज्याला भांडवलशाहीचा धिंगाणा म्हणायचात आणि ज्यापायी माझी गिटार माळ्यावर टाकलीत, तेच. तुम्हाला चिडवायचं म्हणूनच पत्र लिहायला घेतलं.

पण पहिल्या रांगेत एक म्हातारे कामगार होते, कोटावर पदकं लावलेले. गाणारा त्यांचाच मुलगा होता. त्यांनी कानांत बोटं घातली होती, पण शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत.

बाबा, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी मित्राची गिटार मागून वाजवली, तेव्हा युनियनची मीटिंग आहे म्हणून तुम्ही येणार नव्हतात. सायकल स्टँडपाशी अंधारात उभे होतात, ते मला स्टेजवरून सगळा वेळ दिसत होतं.

तुमचाच,
विनय