दाजींनी पाणी घातलं, तरीही

६ नोव्हें., देवळाली प्रवरा
लिहायचं लिहायचं म्हणत दिवाळी उलटली. वही उशाखालीच होती, सबब तरी काय सांगू.
सध्या अक्काकडे. दाजींना शुगर लई वर्षांची. रक्तात किडनी ठीक आली, तरी डॉक्टर म्हणाले लघवी तपासा. दाजी टाळायला लागले. त्यांचा थोरला भाऊ डायलिसिसवर असतानाच गेला. अक्का मला म्हणाली, "तू रिकामाच हायस, ह्यांना घिऊन जा."

७ नोव्हें.
सकाळची पहिली लघवी डबीत भरून लॅबला दिली. काल झोपेपर्यंत दाजी तांब्यावर तांब्या पाणी पीत होते. का, तर म्हणे, "दुधात पानी घातलं की फॅट उतरतं का न्हाई? तसं ह्ये बी उतरंल." रोज डेअरीला दूध घालणारा माणूस!

८ नोव्हें.
लॅबमधलं गरगर फिरणारं मशीन बघत बसलो, रिपोर्ट तिथंच विसरून घरी. परत गेलो. बरंच झालं, लॅबवाल्या मॅडम मोकळ्या होत्या.
किडनी म्हणजे गाळणी. नुकती बिघडायला लागली की अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन थोडं थोडं निसटतं. डोळ्याला दिसत नाही.
विचारलं, पाणी लई पिलं तर?
"म्हणून तर क्रिएटिनिनही मोजतो, लघवीतून रोज साधारण सारखाच जाणारा कचरा. पाण्यानं दोन्ही पातळ होतात, प्रमाण तेच राहतं."
म्हणजे डेअरीची युक्ती फुकट! हे प्रमाण तीसच्या आत हवं, दाजींचं सत्तर. पण तापानं, लई कष्टानंही वाढतं म्हणे, एका रिपोर्टवर काही ठरत नाही. परत करायचं. खरंच निघालं तरी लवकर कळलेलं बरं, गोळ्यांनी थोपवता येतं.

९ नोव्हें.
दाजींना रिपोर्ट सांगताना पाण्याचं आठवून मला हसू आलं, तेही अक्कासमोर. तिथंच दाजींचं बिघडलं.
"गावं उंडारनारा मला शिकिवतो व्हय रं? न्हाई भरायची परत डबी."
नंतर गोठ्यात म्हशीला खाजवत एकटेच बसलेले. भावाचं नाव काढलं नाही, पण...

१४ नोव्हें., राजूर
ओळखीच्याचा टेम्पो इकडं निघालेला, चढलो. बाजारात तासभर मधवाल्याशी गप्पा. राणीमाशी खरंच...
ते राहू दे. चहावाल्याची गाळणी बघितली की किडनीच आठवते. साली एवढी हुशार वस्तू आपल्या पोटात, आणि आपल्याला पत्ता नाही. आपलीही बघावी का?
सकाळी अक्काचा फोन. राजुरात आहे म्हणून सांगितलं. "म्हशी सोडून कुटं जायचं न्हाई म्हंत्यात. तू असतास तर..."
आत्ता चहाच्या टपरीवर लिहितोय. समोर एसटी थांबली. पांढरी टोपी... दाजी? एक दिवस धार न चुकवणारा माणूस, राजुरात! शर्टच्या खिशातून लॅबची रिकामी डबी डोकावतेय. मला बघितलं, इकडंच येतायत.