चौथ्या विषयाचा अनुमोदक

४ फेब्रुवारी
आजपासून लॉन्ड्रीत पुन्हा कामावर. बॉयलर पेटवला. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी. इस्त्री विभागात हिचं टेबल रिकामं आहे, त्यावर सगळ्यांनी जेवणाचे डबे ठेवलेत. ही असती तर एकेक डबा खाली उतरवला असता.
युनियनकडून पुष्पचक्र येणार होतं. हिला पोहोचवून दोन आठवडे झाले. वाटेत असेल!

६ फेब्रुवारी
हिचा शेवटचा पगार मिळाला. युनियनची वर्गणी कापलेली — या महिन्याचीसुद्धा! खजिनदाराला विचारलं. तो म्हणाला, नाव कमी करायला कार्यकारिणीची बैठक लागते, तोवर वर्गणी चालूच. म्हणजे मरायचं तर आधी बैठकीची तारीख विचारून घ्यावी.

९ फेब्रुवारी
मेहुणी हिचे कपडे न्यायला आली होती. घड्या घालताना रडली थोडी. जाताना म्हणाली, "भावजी, यंदा सभेला नका जाऊ. उगाच जिवाला त्रास."
युनियनच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका आलीय. चौथा विषय हिचाच — युनियनचा जमाखर्च दर महिन्याला फाटकाजवळच्या फळ्यावर लावावा. हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आधी लिहून देऊन गेली होती. दर वर्षी मांडायची, दर वर्षी पडायचा. बाजूने हात दोनच. एक हिचा, एक अनुमोदक म्हणून माझा. बाकीच्यांना पटत नव्हतं असं नाही. पण मतदान हात वर करून, अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत, आणि पाळ्या लावतो अध्यक्षांचा मेहुणा.
मी सभेत कधी तोंड उघडलं नाही. ही मांडायची, मी अनुमोदन द्यायचो. संसारही साधारण तसाच केला.

१६ फेब्रुवारी, रविवार
गेलो सभेला. मागच्या बाकावर बसलो.
अध्यक्षांना आम्ही पाठीमागे 'स्टार्च' म्हणतो. आज जरा जास्तच कडक होते. वर्गणीवाढ मंजूर झाली, कोणी हूं की चूं नाही. मग म्हणाले, "विषय चौथा. सूचक हयात नाहीत, सबब रद्द."
आणि माझा हात वर! ठरवून नाही. इतक्या वर्षांची सवय, चौथा विषय म्हटला की गेलाच.
"काका, हात खाली घ्या. सूचकच नाही, अनुमोदन कशाला देताय?"
घ्यायला हवा होता. त्याऐवजी उभाच राहिलो. म्हटलं, "तिची या महिन्याची वर्गणी तुम्ही कापलीत. वर्गणी भरेल तो सभासद, हा नियम तुमचाच. ती सभासद असेल तर विषय घ्या. नसेल तर तिचे पैसे परत द्या."
खजिनदाराने नियमांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. तेवढ्यात फाटक्या चादरी शिवणारी मावशी मागून म्हणाली, "कापा, कापा! पुढच्या वर्षी ती अध्यक्षपदाला उभी राहील."
खोली हसायला लागली. थांबेचना. स्टार्चनी टेबल वाजवलं तर आणखीच हसली. त्या हसण्यातच मावशीने हात वर केला, मग तिच्या शेजारणीने, मग जिकडे बघावं तिकडे हात. एवढ्यांच्या पाळ्या काही मेहुण्याला बदलता येणार नाहीत.
ठराव मंजूर.
भराभर चालत घरी आलो. हिला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. कुलूप उघडताना लक्षात आलं.

१७ फेब्रुवारी
माझी पाळी बदलली. आता पहाटेची. एकाची तरी बदलता आली म्हणायची.

१ मार्च
फळ्यावर कागद लागला. गर्दी ओसरल्यावर चष्मा पुसून वाचला. चहापान. टॅक्सी. पुन्हा चहापान. खाली हिचं नाव, आणि पुढे — 'पुष्पचक्रे, मोठी, दोन.' दोन्ही अजून वाटेतच!
सगळा कागद वहीत लिहून घेऊन घरी आलो. हिची हिशेब तपासायची लाल पेन्सिल सापडली, शिवणाच्या डब्यात. टोक केलं.