वाढत्या अंगाची सायकल

कल्याणी,

मी डिंगोऱ्याला पंपाच्या कामावर चाललोय, संध्याकाळी येईन. कॉलेजातून आलीस की आधी जेव, मग माप घे. चप्पल काढून भिंतीला पाठ लाव, जाड वही दोन्ही पायांच्या मधे वरपर्यंत दाबून धर आणि वहीच्या वरच्या कडेला पेन्सिलीने रेघ मार. जमिनीपासून रेघेपर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते लिहून ठेव. टेप फळीवर आहे. रेसिंग सायकलची फ्रेम त्यावरूनच ठरते, असं दुकानदार म्हणाला. एक सेंटिमीटरही वाढवून लिहू नकोस.

रेघ दाराच्या चौकटीवर मारू नकोस. तिथं तुझ्या संघर्षदादाची उंची आहे.

छपराखाली ठेवलेल्या त्याच्या सायकलमध्ये काल हवा भरलेली दिसली. सीटही पुसलेली. मी रागावलो नाही, पण दोन्ही चाकांची हवा सोडून वालट्यूब काढून खिशात घेतल्यात. शोधत बसू नकोस.

तुझ्या आईलाही सांगितलं नाही ते लिहितो. दुकानात सायकलवर बसून तुझा दादा म्हणाला, "पप्पा, पाय टेकत न्हाईत." मी म्हणालो, "वाढतं अंग हाय, वर्षभरात टेकतील." शर्ट, चप्पल, सगळं आपण तसंच घेत आलो. कुकडीच्या पुलावर ट्रक समोर आला तेव्हा त्यानं पाय खाली सोडलाच असेल.

उद्या दुकानात सायकलचा दांडा पायांच्या मधे घेऊन उभी राहा. टाचा टेकल्या असं तू म्हणालीस तरी मी खाली बसून, टाचांखाली हात घालून बघणार आहे. लोक बघतील. बघू देत.

पप्पा