तेराचा पाढा

प्रिय टकळी,

तू पाठवलेलं तिकीट वाया गेलं नाही. मंगळवारी दुपारी तीनचा खेळ, मधल्या रांगेतली कडेची खुर्ची. कडेची तू मुद्दाम घेतलीस हे मला कळलं. मध्येच उठावंसं वाटलं तर मला कोणाला 'जरा सरका' म्हणावं लागू नये म्हणून. एवढा विचार करणारी मुलगी दर रविवारी अकराला फोन करते आणि मी तो उचलत नाही. मग 'बाजारात होतो' असं लिहून पाठवतो. आठ महिन्यांत मी इतक्यांदा बाजारात गेलोय की एव्हाना भाजीवाल्याने मला भागीदार करून घ्यायला हवं होतं. शेवटी तू विचारलंस, बाबा, मी लांब राहायला आले म्हणून तू माझ्यावर रागावलायस का? त्यावर मी 'नाही ग' एवढंच लिहिलं. त्या उत्तरातलं जे लिहायचं राहिलं, ते या पत्रात लिहितोय.

सिनेमा गाजलाय तो उगीच नाही. महाल, मुकुट, घोडागाड्या, सगळं झकास. मी मात्र राजाच्या गळ्यावरची शीर बघत होतो. समोर सगळी प्रजा उभी, हातात लिहिलेला कागद, आणि पहिलाच शब्द निघत नाही. तेव्हा दरबारी मंडळी काय करतात माहीत आहे? आपापल्या बुटांकडे बघतात. हा सिनेमा काढणाऱ्याच्या घरात कोणीतरी तोतरं असणार, नाहीतर ते बूट त्याला सुचले नसते. माझ्याशी बोलताना लोकांनी आजवर जेवढे बूट न्याहाळले, तेवढ्यांत चपलांचं मोठं दुकान निघालं असतं. बघ, 'तोतरं' हा शब्द मी लिहून गेलो. आपल्या घरात तो कधी कोणी उच्चारला नाही, तुझ्या आईने तर नाहीच नाही.

मध्यंतरात बाहेर आलो. काउंटरवरच्या बाईंनी काय देऊ विचारलं आणि मी चहा म्हणालो. तुला एक गुपित सांगतो. बाबांना बाहेरची कॉफी आवडत नाही असं आई सगळ्यांना सांगायची ना, ते साफ खोटं होतं. 'क' माझ्या तोंडातून सुटत नाही, म्हणून चाळीस वर्षं मी बाहेर चहा पितोय. घरी ती न विचारता कॉफी करायची. आता कॉफी करून प्यायला मला तोंड उघडावं लागत नाही, हात धडधाकट आहेत, पण आई गेल्यापासून मी एकदाही केलेली नाही. डबा तसाच आहे, आत चमचाही तिनेच ठेवलेला.

धंदाही मी असाच बघून निवडला. गिऱ्हाईक मजकूर चिठ्ठीवर आणतं, मी तो पाटीवर रंगवतो. बाकीचं सगळं बोलणं आईकडे. ती फोनवर तुला सांगायची, बाबा म्हणतायत उन्हात हिंडू नकोस, बाबा म्हणतायत वेळेवर जेव. बाबा काहीही म्हणत नसायचे ग. ते शेजारी बसून नुसती मान हलवायचे. मी न बोललेलं कितीतरी तुझ्या जमेला आहे आणि ते सगळं तिने स्वतःच्या मनाने घातलेलं आहे. पण चुकीचं असं त्यात काही नसायचं.

एकाच ठिकाणी मी कधी अडलो नाही, ते म्हणजे तुझे पाढे. संध्याकाळी मी ब्रश धूत बसायचो आणि तू समोर डोलत सुरू व्हायचीस. मी तुझ्या जोडीने म्हणायला लागलो की शब्द कसे घरंगळत यायचे. दोघांनी एका सुरात म्हटलं की माझी जीभ अडत नाही. का, ते मला आजही ठाऊक नाही. तेराच्या पाढ्यात तर अडायचीस तू, दर वेळी तेर सातीला. तू डोळे मोठे करून माझ्याकडे बघायचीस आणि एक्याण्णव मी सांगायचो. मी! त्या एका शब्दाची मी दिवसभर वाट बघायचो.

शेवटी राजा बोलतो. थांबत, दम घेत, पण पुरं बोलतो. थिएटरात टाळ्या वाजल्या. माझे हात मांडीवरच राहिले. मला राजाचा हेवा वाटला. त्याच्या मुकुटाचा नव्हे, पण तो बोलत असताना त्याची राणी समोर उभी होती आणि ती बुटांकडे बघत नव्हती. घरी येऊन कुलूप काढलं, चपला काढल्या, आणि मला फार एकटं वाटलं. तेव्हाच ठरवलं की तुला सगळं लिहायचं.

मी तुला कळवलं होतं, आई गेली, काही कळायच्या आत गेली. तसं झालं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला ती ओट्याजवळ पडली. डोळे उघडे होते, माझ्याकडेच बघत होती. मी दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. पलीकडच्या बाईने पत्ता विचारला. आपल्या दारावरची पाटी मी स्वतः रंगवलेली आहे, पण त्यातला एकही शब्द माझ्या तोंडून बाहेर पडेना. तिने तीनदा विचारलं, मग हा नंबर मस्करीसाठी नाही म्हणाली आणि फोन ठेवला. मी परत लावला. पुन्हा तेच. मग जिना उतरून खालच्या शिंप्याकडे धावलो, त्याच्या टेबलावरचा खडू उचलला आणि कोणाच्या तरी कोटाच्या कापडावर लिहिलं, बायको पडली, गाडी बोलव. त्याने बोलावली. गाडी आली तोवर ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, आधी आली असती तरी फरक पडला नसता. हे सांगताना ते आपल्या बुटांकडे बघत होते.

तेव्हापासून फोन वाजला की मला त्या बाईचा आवाज ऐकू येतो. फोन तुझा आहे हे माहीत असूनही हात पुढे होत नाही. राग आहे तो माझा माझ्यावरच, तुझ्यावर तिळभरही नाही. हे वाचून तुला माझा राग आला तर तो मी सोसेन. पण येत्या रविवारी अकराला फोन कर. मी उचलणार आहे. नुसता श्वास ऐकू आला तर समज, मीच आहे. लाइन खराब आहे म्हणून ठेवून देऊ नकोस, आणि माझ्या वतीने तूच काही बोलूही नकोस. तेराचा पाढा सुरू कर, मी जोडीने म्हणेन. फक्त तेर सातीला तू थांब. एक्याण्णव मला म्हणू दे.

तुझाच, फोनशेजारी बसलेला,
बाबा